पेनार्थमध्ये घर: भाड्याने घ्यावं, विकत घ्यावं, कुठे आणि कसं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दक्षिण वेल्समध्ये कार्डिफच्या कुशीत असलेल्या या समुद्रकाठच्या गावाबद्दल मराठी कुटुंबं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. इंग्लंडमध्ये स्लाव किंवा हॅरोतल्या मावसभावाने घर घेतलं असेल, तर त्याचा सल्ला प्रेमाने ऐका, पण तपासल्याशिवाय वापरू नका. घरखरेदीचा कर, भाडेकरूचे हक्क आणि कौन्सिल टॅक्सचे (घरपट्टीसारख्या स्थानिक कराचे) बँड या तिन्ही गोष्टी वेल्समध्ये इंग्लंडपेक्षा वेगळ्या आहेत.

पेनार्थ नेमकं कुठे, आणि आपली माणसं तिथे का बघतात?

कार्डिफच्या मध्यापासून साधारण ६ किलोमीटरवर, व्हेल ऑफ ग्लॅमॉर्गन कौन्सिलच्या हद्दीत. ट्रेनने कार्डिफ सेंट्रल दहा-बारा मिनिटं. बघणाऱ्यांत डॉक्टर आणि नर्स बरेच, कारण युनिव्हर्सिटी हॉस्पिटल लँडॉक गावाला अगदी लागून आहे. (त्याचं स्पेलिंग बघून नवे लोक 'लँडो' म्हणतात, रिक्रूटरशी बोलताना 'लँडॉक' म्हणा.) बाकीचे कार्डिफच्या ऑफिसांत काम करणारे, ज्यांना शहराची सोय हवी पण गजबज नको.

कोळसा निर्यात करण्यासाठी १८६५ मध्ये इथे गोदी सुरू झाली. ती १९६३ मध्ये बंद पडली आणि १९८०च्या दशकात तिथेच मरिना आणि फ्लॅट उभे राहिले. वरच्या अंगाला व्हिक्टोरियन वस्ती, खाली १८९५ चा पियर, म्हणजे समुद्रात गेलेला धक्का. गावात तुम्हाला दिसणारी घरं बहुतेक याच इतिहासातून आलेली आहेत, आणि त्यांचे दोषही.

कोणत्या भागात बघावं?

गावाला चढउतार भरपूर आहे. नकाशावर 'स्टेशनपासून ५ मिनिटं' दिसतं, पण बाबागाडी ढकलत चढायला दहा लागतात. ढोबळ विभागणी अशी:

विंडसर रोड, ग्लीब स्ट्रीट, प्लासी स्ट्रीटच्या आसपास एकमेकांना चिकटलेली टेरेस घरं आहेत. दुकानं, डॉक्टर, ट्रेन सगळं पायी. दोष एकच, पार्किंग. संध्याकाळी सातनंतर जाऊन बघा. दुपारी दोनला रस्ता रिकामाच दिसतो.

प्लिमथ रोड, मरीन परेड, वेस्टबोर्न रोडकडे मोठी व्हिला-घरं. त्यातली बरीच फ्लॅटमध्ये विभागलेली, म्हणजे लीजहोल्डचा (फ्लॅट ठराविक वर्षांच्या करारावर, जमीन-इमारत दुसऱ्याची) प्रश्न आलाच. तो पुढे घेतला आहे.

मरिनात नवी बांधणी, लिफ्ट, पार्किंगची जागा, पाण्याचं दर्शन. सर्व्हिस चार्जही (इमारतीच्या देखभालीचा खर्च) तसाच. तिथून कार्डिफ बे बॅराजवरून चालत किंवा सायकलने थेट कार्डिफ बेला जाता येतं.

कोगन आणि लँडॉककडे किंमत तुलनेने कमी, हॉस्पिटल जवळ, आणि कोगनचं वेगळं स्टेशन. २०१० मध्ये झालेल्या पाँट-अ-वेरिन या पादचारी पुलावरून ईली नदी ओलांडून कार्डिफच्या ग्रेंजटाउन भागाच्या बाजूला सायकलने जाता येतं. नाइट ड्यूटी करणाऱ्यांनी आधी हाच भाग बघावा.

लोअर पेनार्थमध्ये महायुद्धानंतरची सेमी-डिटॅच्ड घरं, बाग, गॅरेज. कॉझमेस्टन लेक्स जवळ. समुद्र थोडा लांब, पण घर कोरडं सापडण्याची शक्यता जास्त. लहान मुलं असतील तर आमचा कल इकडे.

आधी भाड्याने राहावं का?

शक्य असेल तर एक हिवाळा तरी राहावं. जूनमध्ये बघितलेलं घर जानेवारीत ओळखू येत नाही.

१ डिसेंबर २०२२ पासून वेल्समध्ये भाडेकरूला कायद्याच्या भाषेत 'काँट्रॅक्ट-होल्डर' म्हणतात. तुमची काही चूक नसताना घरमालकाला घर रिकामं करून हवं असेल, तर त्याला ६ महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि पहिल्या ६ महिन्यांत ती देताच येत नाही. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत लेखी करार हातात मिळायला हवा. अनामत रक्कम ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा व्हायला हवी. प्रत्येक खासगी घरमालकाची नोंद 'रेंट स्मार्ट वेल्स'कडे असावी लागते. हे रजिस्टर ऑनलाइन उघडं आहे, पत्ता टाकून बघा. नोंद नसेल तर घर कितीही छान असो, सोडा.

'अ‍ॅडमिन फी', 'रेफरन्स फी' मागितली तर देऊ नका. २०१९ पासून वेल्समध्ये त्यावर बंदी आहे. घर राखून ठेवण्याची रक्कम जास्तीत जास्त एका आठवड्याच्या भाड्याइतकी. आणि व्हिसा तपासण्याची जी 'राइट टू रेंट' सक्ती इंग्लंडमध्ये घरमालकावर आहे, ती वेल्समध्ये लागू नाही.

खरेदीचे टप्पे कसे असतात?

कर्जासाठी तत्त्वतः मंजुरी घ्या, ऑफर द्या, ती स्वीकारली की सॉलिसिटर (वकील) नेमा. मग सर्व्हे (घराची तपासणी), कर्जाची पक्की मंजुरी आणि शोधपत्रं: कौन्सिलचं, पाणी-सांडपाण्याचं (दूर कम्री या वेल्सच्या पाणी कंपनीकडून), पर्यावरणाचं. त्यानंतर 'एक्स्चेंज' म्हणजे करारांची अदलाबदल आणि बहुधा १० टक्के रक्कम. शेवटी 'कम्प्लीशन' आणि किल्ली.

भारतातून आलेल्यांची इथे एक हमखास गफलत होते. ऑफर स्वीकारली म्हणजे आपल्याकडच्यासारखा टोकन देऊन साठेखत झाल्याची भावना होते. तसं काही नाही. एक्स्चेंज होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात. विकणारा जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो आणि तुमचे सर्व्हेचे पैसे बुडतात. म्हणून ऑफर स्वीकारताना घर जाहिरातीतून काढायला सांगा आणि ते काढलं का हे दुसऱ्या दिवशी स्वतः बघा. तीन-चार महिने धरून चला. विकणारा स्वतः दुसरं घर घेत असेल तर त्याहून जास्त.

पुण्यात आमचा फ्लॅट आहे. इथे आम्ही 'पहिलं घर' घेणारेच ना?

नाही. आणि हा प्रश्न उशिरा विचारला तर सगळ्यात महाग पडतो.

वेल्समध्ये स्टँप ड्यूटी नाही. एप्रिल २०१८ पासून 'लँड ट्रान्झॅक्शन टॅक्स' आहे आणि तो वेल्श रेव्हेन्यू अथॉरिटी घेते. पहिलं घर घेणाऱ्यांना वेगळी सवलत इथे नाहीच. नेहमीचे दर असे: २,२५,००० पौंडांपर्यंत शून्य, त्यापुढे ४,००,००० पर्यंतच्या भागावर ६ टक्के, ७,५०,००० पर्यंतच्या भागावर साडेसात टक्के, त्यापुढे १० आणि मग १२.

पण तुमच्या मालकीचं दुसरं घर जगात कुठेही असेल आणि त्यातल्या तुमच्या हिश्शाची बाजारभावाने किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त असेल, तर चढे दर लागू होतात. कोथरूडचा टू-बीएचके त्यात सहज येतो. फ्लॅट एकट्या नवऱ्याच्या नावावर आणि इथलं घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलं, तरी एकत्र राहणारं जोडपं एकच धरलं जातं. ११ डिसेंबर २०२४ पासूनचे चढे दर: १,८०,००० पर्यंत ५ टक्के, २,५०,००० पर्यंत साडेआठ, ४,००,००० पर्यंत १०, ७,५०,००० पर्यंत साडेबारा.

३,५०,००० पौंडांच्या घरावर मांडून बघू. नेहमीच्या दराने १,२५,००० वर ६ टक्के, म्हणजे ७,५०० पौंड. चढ्या दराने ९,००० अधिक ५,९५० अधिक १०,०००, म्हणजे २४,९५०. फरक १७,४५० पौंडांचा. हे पैसे कर्जातून मिळत नाहीत, रोख लागतात.

बाहेर पडण्याच्या वाटा मोजक्या आहेत. कम्प्लीशनच्या आधी फ्लॅट खरोखर विकून टाकला तर चढा दर नाही. जुनं मुख्य राहतं घर गेल्या ३ वर्षांत विकून त्याच्या जागी हे घेत असाल तर बहुधा सूट मिळते. आधी चढा कर भरून नंतर ३ वर्षांत जुनं राहतं घर विकलं तर फरक परत मागता येतो. मात्र ते तुमचं खरंच राहतं घर असावं लागतं, नुसता भाड्याने दिलेला फ्लॅट विकून परतावा मिळत नाही. वडिलोपार्जित घरात हिस्सा असेल तर सॉलिसिटरला पहिल्याच भेटीत सांगा, 'तो काही आमच्या नावावर झालेला नाही अजून' हे वाक्यसुद्धा जसंच्या तसं. कराचा फॉर्म आणि पैसे कम्प्लीशननंतर ३० दिवसांत जावे लागतात. सॉलिसिटर ते करतो, पण माहिती लपवल्याचा दंड तुम्हालाच.

एक बरी बाजूही आहे: परदेशस्थ खरेदीदारांवर इंग्लंडमध्ये लागणारा २ टक्क्यांचा अधिभार वेल्समध्ये नाही.

भारतातून आई-वडील पैसे देणार आहेत. काय लागेल?

पैशाचा माग. बँक आणि सॉलिसिटर दोघंही 'हे पैसे आले कुठून' हे शेवटापर्यंत विचारतात. आई-वडिलांचं ओळखपत्र, त्यांची बँक स्टेटमेंट, आणि ही भेट आहे, परत मागणार नाही, घरावर हक्क सांगणार नाही असं सहीचं पत्र. पैसे जमीन किंवा फ्लॅट विकून आले असतील तर त्याचे कागद. गंमत इथे होते: सूची दोन मराठीत असते, सातबारा मराठीत, आणि कार्डिफच्या सॉलिसिटरला ते प्रमाणित इंग्रजी भाषांतरासह हवे असतात. ते काम मुंबई-पुण्यात आधीच करून घ्या.

भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, आणि एका मर्यादेनंतर बँक टीसीएस (पाठवतानाच घेतला जाणारा कर) कापते; तो पाठवणाऱ्याला विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. मार्चच्या शेवटी आणि एप्रिलच्या सुरुवातीला असे दोन हप्ते केले तर दोन वर्षांची मर्यादा वापरता येते. मात्र चार नातेवाइकांच्या खात्यांतून तुकड्या-तुकड्याने आणू नका. प्रत्येक खात्याची वेगळी चौकशी होते आणि एक्स्चेंज पुढे ढकललं जातं.

व्हिसावर असताना कर्ज मिळतं का?

मिळतं. व्हिसावर शिल्लक मुदत किती, देशात किती वर्षं झाली आणि स्वतःची रक्कम किती, यावर प्रत्येक बँकेचा नियम वेगळा. थेट एका बँकेत अर्ज करून नकार घेण्यापेक्षा व्हिसाधारकांची कामं करणारा, अनेक बँकांशी व्यवहार असलेला ब्रोकर गाठा. एनएचएसमधल्यांनी (सरकारी आरोग्यसेवेतल्यांनी) मूळ पगार आणि जादा ड्यूटीचा भत्ता वेगळा दाखवावा. भत्ता सगळा धरतातच असं नाही.

घर बघताना ओल कशी ओळखायची?

इथे सावकाश जाऊ, कारण समुद्रकाठच्या घरात सगळा खेळ याच प्रश्नाचा आहे.

पेनार्थमध्ये पाऊस सरळ पडत नाही. ब्रिस्टल चॅनलवरून आडवा येतो. वाऱ्याने भिंतीत ढकललेलं पाणी, जमिनीतून वर चढणारं पाणी आणि घरातलीच वाफ थंड भिंतीवर बसून झालेलं पाणी, ही तीन वेगळी दुखणी आहेत. औषधही वेगळं. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की हजारो पौंड जातात आणि डाग तिथेच राहतो.

काळी बुरशी कोपऱ्यात, कपाटामागे, खिडकीच्या काठावर असेल तर बहुधा घरातली वाफ. छातीच्या उंचीवर किंवा चिमणीच्या भिंतीवर पिवळसर कडा असलेला डाग, जो पावसानंतर वाढतो, तो बाहेरून आलेला. तळाशी साधारण मीटरभर उंचीपर्यंत सरळ रेघ आणि क्षाराचा पांढरा भुगा असेल तर जमिनीतला, पण हे निदान करण्याआधी बाहेर जाऊन बघा: बागेची फरशी किंवा माती भिंतीच्या ओलरोधक थरापेक्षा १५० मिलिमीटर खाली आहे का? फरशी चढवत चढवत त्या थराच्या वर गेली असेल तर नुसती ती खाली उतरवून भिंत वाळते. जमिनीलगतच्या जाळीदार विटा बुजवल्या असतील तर लाकडी जमिनीखाली हवा खेळत नाही. टाच आपटली की जमीन झुलते आणि कुबट वास येतो.

जुन्या दगडी भिंती चुन्याच्या सांध्यांवर उभ्या आहेत. त्या भिजतात आणि सुकतात. तसंच त्यांचं चालतं. त्यांवर सिमेंटचे सांधे भरले किंवा प्लास्टिकसारखा रंग मारला की पाणी आत अडकतं, दगडाचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. बाहेरून टकाटक दिसणारं, नुकतंच रंगवलेलं घर म्हणून जास्त संशयाने बघा.

१९३०नंतरच्या घरांत बहुधा मधे पोकळी असलेली दुहेरी भिंत असते. दोन्ही थरांना जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या खारट हवेने गंजून फुगतात आणि विटांच्या सांध्यात आडवी चीर पडते, साधारण दर ४५० मिलिमीटरवर एक. एक चीर म्हणजे काहीही असू शकतं. समान अंतरावर तीन दिसल्या तर पट्ट्यांची तपासणी करून घ्या. याच पोकळीत भरलेलं इन्सुलेशन वाऱ्याच्या तोंडावरच्या भिंतीत ओल आत आणू शकतं. बाहेरच्या भिंतीवर रांगेने बुजवलेली भोकं दिसली तर ते भरलेलं आहे. त्याची हमीपत्रं मागा.

छप्पर रस्त्याच्या पलीकडून बघा. स्लेटच्या खालच्या कडेला शिशाच्या राखाडी पट्ट्या वाकवून अडकवलेल्या दिसतात का? प्रत्येक पट्टी म्हणजे खिळा गंजून घसरलेली एक स्लेट. दोन-चार असतील तर दुरुस्ती, डझनभर असतील तर नवं छप्पर. माळ्यावर छताच्या आतून फवारलेला फोम असेल तर अनेक बँका कर्जच देत नाहीत. माळ्याचं झाकण उघडून बघायला लाजू नका.

कर्जासाठी बँक जे मूल्यांकन करते तो सर्व्हे नव्हे. व्हिक्टोरियन घराला आरआयसीएस या सर्व्हेअरांच्या संस्थेचा लेव्हल ३ (सखोल) सर्व्हे करा, १९७०नंतरच्या साध्या घराला लेव्हल २ पुरतो. ओलीचा 'मोफत सर्व्हे' करणारा तेच औषध विकणारा असतो. शिवाय त्याचं विजेचं मीटर क्षार असलेल्या भिंतीवर पाणी नसतानाही ओरडतं. स्वतंत्र सर्व्हेअरला पैसे द्या.

कडा ढासळतो म्हणतात, खरं का?

खरं. पेनार्थ हेडचे आणि लॅव्हर्नॉककडचे कडे मऊ मडस्टोन आणि चुनखडीच्या थरांचे आहेत आणि दगड पडत राहतात. (याच लॅव्हर्नॉक पॉइंटवर मे १८९७ मध्ये मार्कोनीने फ्लॅट होम बेटावरून समुद्रापलीकडचा पहिला बिनतारी संदेश घेतला.) गावातली बहुसंख्य घरं कड्यापासून दूर आहेत. पण अगदी काठावरचं घर असेल तर विम्याचा मसुदा वाचा: भूस्खलन झाकलेलं असतं, समुद्राने किनारा कातरल्याचं नुकसान बहुधा वगळलेलं असतं. पत्ता टाकून नॅचरल रिसोर्सेस वेल्सचा पूर-नकाशा बघा. १ जानेवारी २००९ पासून बांधलेल्या घरांना 'फ्लड री' या पूरविम्याच्या योजनेचा आधार नाही.

लीजहोल्ड फ्लॅटमध्ये काय विचारावं?

किती वर्षं उरली, हे आधी. ८०च्या खाली गेलेलं लीज वाढवणं महाग आणि बँका नाराज. २०२५ पासून लीज वाढवून मागण्यासाठी दोन वर्षं मालकीची अट राहिलेली नाही. मग तीन वर्षांचे सर्व्हिस चार्जचे हिशेब, राखीव निधीत किती शिल्लक, आणि छप्पर, लिफ्ट किंवा बाहेरच्या रंगकामाची नोटीस निघाली आहे का. उंच इमारत असेल तर बाहेरच्या आवरणाचं अग्निसुरक्षा प्रमाणपत्र. व्हिलातल्या चार फ्लॅटवाल्यांनी मिळून फ्रीहोल्ड (जमीन-इमारतीची मालकी) घेतलेलं असेल तर छान, पण मग ती एक छोटी सोसायटीच. छप्पर गळल्यावर चौघांपैकी एक पैसे देत नाही, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

खिडक्या बदलू का? मागे खोली वाढवू का?

गावाचा बराच भाग संवर्धन क्षेत्रात आहे. समोरच्या लाकडी खिडक्या काढून प्लास्टिकच्या बसवण्याआधी कौन्सिलला लेखी विचारा. झाड तोडायचं तर ६ आठवडे आधी कळवावं लागतं. आधीच्या मालकाने माळ्यावर खोली काढली असेल तर बिल्डिंग रेग्युलेशनचं पूर्णत्व प्रमाणपत्र मागा. ते नसेल तर विकणारा विमा पॉलिसी पुढे करतो; ती कौन्सिलच्या कारवाईपासून वाचवते, कमकुवत तुळईपासून नाही. बाहेरच्या कामाला स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे घ्या, साधे गंजतात.

कौन्सिल टॅक्स किती?

बँडवर अवलंबून. वेल्समध्ये ए ते आय असे नऊ बँड, १ एप्रिल २००३ च्या किमतीवर. घराचा बँड ऑनलाइन बघता येतो. एकटे राहत असाल तर २५ टक्के सूट, पण अर्ज केल्यावर.

आमच्या घरात रोज फोडणी असते. बुरशी होणार का?

फोडणीने नाही, वाफेने. कुकर, भात, आंघोळ आणि घरात वाळत घातलेले कपडे. शेगडीवरचा पंखा बाहेर हवा सोडतो की नुसती फिरवून परत आत, हे झाकण काढून बघा. फिरवणारा असेल तर वासही जात नाही, वाफही नाही. बाथरूमचा पंखा आंघोळीनंतर २० मिनिटं चालू ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून ५० मिलिमीटर पुढे ओढा. दहा पौंडांचा आर्द्रतामापक आणा. आकडा सतत ६५ टक्क्यांच्या वर असेल तर डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) घ्या. हीटर दोन तास जोरात लावून बंद करण्यापेक्षा दिवसभर मंद ठेवलेला बरा. आणि मसाले-कडधान्यं? कार्डिफच्या सिटी रोडवर. स्वामिनारायण मंदिर ग्रेंजटाउनमध्ये, वाटेतच.

मुलांना वेल्श शिकावंच लागेल का?

१६व्या वर्षापर्यंत विषय म्हणून हो. गावात बोलणं इंग्रजीतच. सगळं शिक्षण वेल्शमधून हवं असेल तर इस्गोल पेन-अ-गार्थ ही प्राथमिक शाळा आहे, पुढे जवळच्या बॅरी गावी जावं लागतं. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला तिसरी भाषा जड जात नाही. इंग्रजी माध्यमाच्या स्टॅनवेल आणि सेंट सायरस या माध्यमिक शाळांसाठी हद्द महत्त्वाची. ऑफर देण्याआधी घराचा पोस्टकोड टाकून तपासा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

गाडी लागते का?

एकाला एक पुरते. सकाळी मेरी हॅरिअर चौकात आणि कोगनच्या उतारावर गाड्या तुंबतात, तेव्हा ट्रेनच बरी. वस्तीतल्या रस्त्यांवर सप्टेंबर २०२३ पासून वेग ताशी २० मैल. तातडीचा विभाग लँडॉकला नाही. तो कार्डिफच्या हीथ भागातल्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटल ऑफ वेल्समध्ये. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं मात्र वेल्समध्ये सगळ्यांना मोफत.

समुद्रात पोहता येतं का?

येतं, पण हा कोकणचा समुद्र नव्हे. किनारा गोट्यांचा, पाणी गाळाने तपकिरी, आणि मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक १२ मीटरच्या घरात. मुंबईला तो पाचेक मीटर असतो. ओहोटीला कड्याखालून लॅव्हर्नॉककडे चालत जाणारे भरतीत अडकतात, म्हणून निघण्याआधी त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक बघा आणि कड्याच्या पायथ्याला टेकून डबा उघडू नका.